कुलपं सगळी लागली होती: त्रिमूर्तीनगरातल्या एका घराची नाताळची सुट्टी

नाताळच्या सुट्टीत गावाला निघालेल्या प्रत्येक कुटुंबाला मी एक गोष्ट आवर्जून सांगते. चोराची काळजी घ्याच, पण घरात जे माणूस मागं राहणार आहे त्याची, आणि ज्या एका मोबाइलमध्ये तुमचं सगळं घर भरून ठेवलंय त्या मोबाइलची काळजी आधी घ्या. नागपुरातल्या कुटुंबांना घरगुती पैशांच्या नियोजनात मदत करणं हे माझं काम आहे. खाली मांडलेलं प्रकरण अशाच एका घराचं आहे. ते त्यांच्या संमतीनं लिहिते आहे. नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे एकदोन तपशीलही बदलले आहेत.

घर आणि घरानं केलेली तयारी

त्रिमूर्तीनगरातल्या एका फ्लॅट स्कीममध्ये दुसऱ्या माळ्यावर राहणारं हे पाच जणांचं कुटुंब. वडील हिंगणा एमआयडीसीत नोकरीला, आई शाळेत शिक्षिका, मुलगी पुण्याला इंजिनीअरिंगला, मुलगा आठवीत आणि वडिलांच्या आई, म्हणजे घरातल्या आजी. आजींनी पंचाहत्तरी गाठलेली, गुडघे दुखतात, पण स्वयंपाक, देवपूजा, सगळं स्वतःचं स्वतः करतात. बेत असा होता: २४ डिसेंबरला रात्रीच्या गाडीनं पुणे, तिथून मुलीला घेऊन भाड्याच्या गाडीनं तारकर्ली, आणि ३१ ला घरी परत. आजींनी आधीच सांगून टाकलं होतं, ‘एवढ्या थंडीत रेल्वेनं माझ्यानं होत नाही, तुम्ही जाऊन या.’

तयारी मनापासून केली होती. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये नेऊन ठेवले. बाल्कनीच्या ग्रिलला नवीन कुलूप बसवलं. चौकीदाराला तारखा सांगितल्या, समोरच्या काकूंकडे जादा किल्ली दिली, पेपर बंद केला. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर प्रवासाचे फोटो परत आल्यावरच टाकायचे, हेसुद्धा मुलांना बजावलं होतं. यातलं काहीच चुकीचं नव्हतं. बाहेर असताना प्रवासाचे फोटो जगाला दाखवू नयेत, हे तर मी सगळ्यांनाच सांगते. मात्र ही सगळी तयारी दाराबाहेरून येणाऱ्या माणसासाठी होती.

दोन गोष्टींकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. पहिली बाथरूमची. तिथं गॅस गिझर आहे, सिलिंडर बाल्कनीत आणि गिझर आत, आंघोळीच्या जागेच्या डोक्यावर. नागपूरची थंडी काय असते ते बाहेरच्यांना चटकन पटत नाही. मे महिन्यात भाजून काढणाऱ्या या गावात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता. त्यामुळं डिसेंबर लागला की घरोघरी फटी बुजवल्या जातात. या घरातही मुलानं बाथरूमच्या जाळीच्या खिडकीला थर्माकोलचा तुकडा लावून दिला होता, आजीला गार वारा लागू नये म्हणून.

तरी इतकी वर्षं काही झालं नव्हतं, कारण सूनबाईंची एक सवय होती. त्या आजींसाठी आधी बादली भरून ठेवायच्या, गिझर बंद करायच्या, दार पाच मिनिटं उघडं ठेवायच्या आणि मग ‘आई, पाणी काढलंय’ म्हणून हाक मारायच्या. त्यांना स्वतःलाही यात सुरक्षेचं काही आहे असं वाटत नव्हतं. आजींना नळाची उलटसुलट फिरवाफिरव जमत नाही म्हणून त्या करायच्या. २४ तारखेला त्या निघाल्या आणि ती सवयही त्यांच्याबरोबर गेली.

दुसरी गोष्ट वडिलांच्या मोबाइलची. घराचे सगळे व्यवहार एकाच खात्यातून चालायचे. पगार त्यात, २१,५०० रुपयांचा घराचा हप्ता त्यातून, एसआयपी, विम्याचे हप्ते, शाळेची फी त्यातून आणि तर्री पोह्यांचे तीस रुपयेही त्यातूनच, यूपीआयनं. कंपनीच्या आरोग्य विम्यात आजींचं नाव होतं, पण त्याचं ई-कार्ड वडिलांच्या ईमेलमध्ये. आजींच्या साध्या बटणांच्या फोनवर दोनचं बटण दाबून धरलं की मुलाला फोन लागायचा. बाकी कुणाचा नंबर त्यांना पाठ नव्हता.

शनिवारची रात्र

तारकर्लीत शनिवारी रात्री साडेनऊच्या सुमारास वडिलांच्या व्हॉट्सॲपवर एका मामेभावाच्या नंबरवरून लग्नाची पत्रिका आली. जानेवारीअखेरीला लग्न, घराण्यात तसं बोलणं चाललेलंही होतं. खरं तर मामेभावाचा फोन आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेला होता आणि त्याच्या यादीतल्या प्रत्येकाला ती ‘पत्रिका’ जात होती. ती चित्र नव्हती, पीडीएफ नव्हती. फाइलच्या नावाला शेवटी ‘.एपीके’ असं शेपूट होतं, म्हणजे ते फोनमध्ये बसवायचं ॲप होतं. फोननं एकदा इशारा दिला, यांनी ‘तरीही बसवा’ दाबलं. मग ॲपनं दोन परवानग्या मागितल्या, एसएमएस वाचायची आणि ॲक्सेसिबिलिटीची. पहिलीनं ओटीपी परस्पर दुसरीकडे जातात. दुसरीनं तुमच्या पडद्यावर काय आहे ते दिसतं आणि तुमच्या वतीनं बटणंही दाबता येतात. पत्रिका काही उघडली नाही. दहा वाजून गेल्यावर खात्यातून दोन व्यवहारांत मिळून ९६,००० रुपये गेले.

इथं सूनबाईंचं मला फार कौतुक वाटतं. नवरा पुन्हापुन्हा ॲप उघडून शिल्लक बघत होता. त्यांनी फोन हातातून घेतला, फ्लाइट मोडवर टाकला आणि स्वतःच्या फोनवरून १९३० ला फोन लावला. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. आधी बँकेला, मग भावाला, मग ओळखीच्या पोलिसाला असं करत बसण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात पैसा दोनचार खात्यांतून फिरून एटीएममधून बाहेर पडलेला असतो. १९३० वर तक्रार नोंदली की पैसा ज्या बँकेत गेला तिच्यापर्यंत निरोप जातो आणि तिथं रक्कम अडवता येते. त्यांना खाते क्रमांक, व्यवहाराची वेळ, रक्कम आणि व्यवहार क्रमांक विचारला. व्यवहार क्रमांक बँकेच्या हेल्पलाइनवरून मिळवला आणि त्याच फोनमध्ये खात्यातून पैसे काढणंही बंद करवलं. मग सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार पूर्ण भरली. पहिला व्यवहार आणि १९३० चा फोन यांत पाऊण तासाचं अंतर होतं. त्यामुळं ६१,००० रुपये समोरच्या खात्यात अडकले आणि ३५,००० आधीच निघून गेले होते.

वडिलांनी मोबाइल बंद करून बॅगेत टाकला. त्या क्षणी तेच बरोबर होतं. आजींना मात्र कुणी काही कळवलं नाही. रात्रीचे साडेअकरा वाजलेले, म्हाताऱ्या माणसाची झोप कशाला मोडायची, असा साधा विचार. बाईंच्या स्वतःच्या खात्यात महिनाअखेरीचे नऊ हजार होते. तारकर्लीतले पुढचे दिवस त्यावर काढायचे ठरलं.

रविवारची सकाळ

आजींचं डोकं शुक्रवारपासून आंघोळीनंतर दुखत होतं. फोनवर त्यांनी तसं सांगितलंही होतं. ‘पित्त झालं असेल, संत्र जास्त खाल्लं असेल,’ असं म्हणून विषय संपला. हे इथंच जरा थांबून लक्षात घ्यायला हवं. गॅस नीट जळायला हवा लागते. कोंदट जागेत ती कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडर गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. इथं गळती नसतेच, ज्योत नीट पेटलेली दिसते. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी या वायूला घट्ट धरतं. सुरुवातीला फक्त डोकेदुखी, मळमळ आणि गरगरणं. घरात एकच माणूस असेल तर ते पित्तावरच जातं. डोकेदुखी आंघोळीनंतर येते आणि बाहेर बसल्यावर ओसरते, हा धागा कुणीतरी धरायला हवा होता.

रविवारी आजींना डोक्यावरून आंघोळ करायची होती, म्हणून दोन बादल्या काढायला घेतल्या. गिझर चालू, दार लोटलेलं, जाळीला थर्माकोल. गरगरायला लागलं तशा त्या बाहेर आल्या आणि दोनचं बटण दाबलं. फोन बंद. पुन्हा दाबलं, पुन्हा बंद. मुलाचा फोन लागत नाही या काळजीनं त्या आणखी घाबरल्या. मग पाणी वाहून जात असेल म्हणून परत आत गेल्या आणि स्टुलावर बसल्या त्या बसल्याच.

पावणेनऊला कामाला येणाऱ्या मावशींनी बेल वाजवली. दार उघडेना तसं त्यांनी समोरच्या काकूंना बोलावलं आणि किल्लीनं दार उघडलं. पडण्याच्या भीतीनं आजी बाथरूमची कडी कधी लावत नाहीत, म्हणून आत जाता आलं. ‘काकू, पाहा ना, आजी बोलूनच नाही राहिल्या!’ काकूंनी गिझर बंद केला, दोघींनी मिळून आजींना हॉलमध्ये ओढत आणलं, खिडक्या सताड उघडल्या. याहून चांगलं त्या वेळी काही करता आलं नसतं.

पुढचा प्रसंग मी प्रत्येक कुटुंबाला सांगते. काकूंनी कोरोनाच्या वेळचं ऑक्सिमीटर आणून आजींच्या बोटाला लावलं. आकडा आला ९८. ‘ऑक्सिजन तर चांगला आहे, बीपी कमी झालं असेल, साखरपाणी देऊ,’ असं ठरत होतं. काकूंचा मुलगा मेडिकलला इंटर्नशिप करतो, रविवार म्हणून घरी होता. तो धावत आला आणि म्हणाला, या आकड्यावर जाऊ नका. बोटाला लावायचं साधं ऑक्सिमीटर हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटलाय की कार्बन मोनॉक्साइड, हे ओळखू शकत नाही. दोन्ही त्याला सारखेच दिसतात. त्यासाठी दवाखान्यात रक्ताची वेगळी तपासणी लागते. त्यानं आजींना गाडीत घातलं आणि जवळच्या हॉस्पिटलात नेलं. मास्कनं जोरात ऑक्सिजन सुरू झाला. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चारपाच तास लागतात, भरपूर ऑक्सिजनवर तासदीड तासात होतो. दुपारपर्यंत आजी ओळखून बोलायला लागल्या. दोन दिवस ठेवून घेतलं.

भरती करताना वीस हजार रुपये जमा करायला सांगितले. आजींच्या नावावर साडेसात लाखांच्या ठेवी होत्या आणि त्या सकाळी त्यांच्यासाठी वीस हजार मिळेनात. पासबुक अलमारीत, अलमारीची किल्ली सूनबाईंच्या पर्समध्ये, पर्स तारकर्लीत. विम्याचं कार्ड बंद मोबाइलमध्ये. काकूंनी स्वतःचं कार्ड दिलं. काकूंकडे सूनबाईंचा नंबर होता म्हणून साडेनऊला निरोप तरी पोहोचला. कुटुंब तिथूनच माघारी निघालं.

दोन घटना, एक कारण

पैशाची फसवणूक एकीकडे, गिझर दुसरीकडे, असं वरवर दिसतं. जानेवारीत या सगळ्यांबरोबर बसून मी घटनाक्रम लिहून काढला तेव्हा मला दोन्हीत एकच दोष दिसला. या घराचं शहाणपण माणसांच्या अंगात होतं, घरात नव्हतं. गिझर कसा वापरायचा हे सूनबाईंच्या हाताला ठाऊक होतं, आजींना कुणी सांगितलेलं नव्हतं. पैसा कुठं आहे, विमा कोणता आहे, हप्ता कधी जातो, हे सगळं वडिलांच्या मोबाइलमध्ये होतं. तो बंद पडला तसं घर आंधळं झालं. सुट्टीत हे उघडं पडतं, कारण एरवी एका छताखाली राहणारी माणसं सुट्टीतच विखुरतात. त्यातून चौथा शनिवार आणि रविवार लागून आले की बँकेची शाखा दोन दिवस बंद.

कुणी म्हणेल, एवढं सगळं एकाच वेळी कुठं होतं. एकाच वेळी न झालं तरी यातली प्रत्येक गोष्ट एकेकटी पुरेशी वाईट आहे.

लॉकरबद्दल थोडं. आमच्याकडे लॉकर म्हणजे शंभर टक्के निर्धास्त असा समज आहे. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा बँकेच्या कर्मचाऱ्यांनी केलेली फसवणूक यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. या घराचं भाडं अडीच हजार, म्हणजे मर्यादा अडीच लाख. सोनं त्याहून कितीतरी जास्त किमतीचं. लॉकर ठेवावाच, पण आत काय आहे त्याची फोटोंसह यादी आणि पावत्या वेगळ्या जपाव्यात.

जानेवारीचा हिशोब

३५,००० गेले, ही एक बाब. खातं गोठल्यामुळं जे झालं ते जास्त शिकवणारं होतं. पगार ३१ ला त्यातच जमा झाला, पण काढता येईना. शाखेत तक्रारीची प्रत आणि केवायसीची कागदपत्रं देऊन ३ तारखेला खातं मोकळं झालं. हप्ता ५ तारखेचा होता म्हणून निभावला, दोन दिवसांनी अलीकडचा असता तर बाउन्स झाला असता. दंड दोन्हीकडून लागला असता आणि कर्जाच्या नोंदीवर डाग राहिला असता. मुदत विम्याचा वार्षिक हप्ता २८ डिसेंबरचा, तो चुकलाच. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलतीची मुदत असते, ती असल्यानं पॉलिसी चालू राहिली. त्यातच शाळेची फी आणि कंपनीत करबचतीचे पुरावे द्यायची घाई. जानेवारी हा पगारदार घराचा सर्वांत जड महिना असतो आणि त्याच्या तोंडावर आपण सहलीचा खर्च करतो. सहल रद्द करा असं मी कधीच म्हणणार नाही. जानेवारीचे पैसे आधी बाजूला काढा, उरतील त्यांतून सहल ठरवा, एवढंच म्हणेन.

अडकलेले ६१,००० न्यायालयाचा आदेश मिळाल्यावर काही महिन्यांनी परत आले. उरलेल्या रकमेसाठी बँकेशी पत्रव्यवहार झाला. रिझर्व्ह बँकेच्या तेव्हा लागू असलेल्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा, असं असेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार येत नव्हता. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळं नुकसान झालं असेल, तर कळवेपर्यंतचं त्याचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. बँकेनं बोट ठेवलं ते त्या ‘तरीही बसवा’वर. ते ३५,००० मिळाले नाहीत. हॉस्पिटलचं बिल कंपनीच्या विम्यातून मिळालं, कारण कळवायची मुदत बाईंनी चुकवली नाही.

पुढच्या हिवाळ्यापर्यंत काय बदललं

सगळ्यात आधी गिझर बाथरूममधून काढून उघड्या बाल्कनीच्या भिंतीवर गेला आणि नळीनं गरम पाणी आत आणलं. प्लंबरचे पैसे गेले, पण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच हे काम झालं, याचा मला फार आनंद आहे. जाळीचा थर्माकोल निघाला. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हॉलमध्ये लागला. बाल्कनीतला सिलिंडर आणि गिझर यांच्यातली नळी पाच वर्षं उलटून गेलेली निघाली, तीही बदलली. शेगडी पेटवून बंद खोलीत झोपणाऱ्या घरांनाही नेमका हाच धोका असतो, हे आता आजीच कॉलनीतल्या बायकांना भजनाच्या दिवशी समजावून सांगतात.

पैशांची मांडणी बदलली. पगाराच्या खात्यावरचं यूपीआय काढून टाकलं. रोजच्या खर्चासाठी वेगळं खातं, त्यात महिन्याला ठरलेली रक्कम. ते खातं कुणी धुऊन नेलं तरी तेवढंच जाईल. हप्ते आणि विमा पगाराच्या खात्यातूनच, पण त्यांची तारखांसह यादी बाईंकडेही. तीन महिन्यांचा खर्च भागेल एवढी रक्कम दोघांच्या नावावर, दुसऱ्या बँकेत. ती एकदम जमली नाही. दर महिन्याला थोडी थोडी करत दिवाळीपर्यंत पुरी झाली.

आजींचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. सत्तरीच्या पुढच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, ५ लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी. आधारवरून ते करून घेतलं आणि जवळच्या कोणत्या हॉस्पिटलांत चालतं ते पाहून ठेवलं. त्यांच्या ठेवींपैकी बरीचशी रक्कम एका पतसंस्थेत होती. बँकेतल्या ठेवींना एका बँकेत एका ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेला तो नसतो. मुदत पुरी होईल तसतशा त्या दोन बँकांत वळवल्या. घरात त्यांच्या हाताशी पाच हजार रोख आणि एटीएम कार्ड, जे वापरायला नातीनं दोन वेळा मशीनवर नेऊन शिकवलं.

आणि फ्रिजवर मोठ्या अक्षरांत एक कागद: सूनबाई, नात, समोरच्या काकू, ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, गॅस गळतीसाठी १९०६, सायबरसाठी १९३०. बटणांच्या फोनवर आता दोन, तीन आणि चार अशी तीन बटणं बसवली आहेत. घरातला कुणीही फोन बंद करणार असेल तर आधी आजींना सांगायचं, हा नियम झालाय.

घराचा विमाही घेतला, ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी. आग, भूकंप, पूर यांसाठी ती आहे. नुसत्या घरफोडीचं संरक्षण तीत धरलेलं नाही, ते वेगळं घ्यावं लागतं. सप्टेंबर २०२३ मध्ये नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा कुणाकुणाच्या घरात पाणी शिरलं ते या कुटुंबानं पाहिलं होतं, तरी विम्याचा विचार तेव्हा झाला नव्हता.

एक काम अजून बाकी आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेव खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात आणि कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं. आजींना नात आणि नातू दोघांची नावं हवी आहेत. फॉर्म आणून ठेवलाय, सहीसाठी दोन्ही बँकांत त्यांना घेऊन जायचं आहे, आणि संक्रांतीच्या आत ते उरकायचं असं सूनबाईंनी मला सांगितलंय.